बुध बघायला नेसरीच्या माळावर

"तुझ्याकडं सगळे फोटू गुरूचं आन् शनीचंच कसं ग?" माझा मोबाइल नाकाशी धरून आप्पांनी विचारलं आणि ही सहल ठरली.

आप्पा म्हणजे माझे वडील. वय एकोणऐंशी, शिरोळला शेती. माझं कोल्हापुरात शाहूपुरीत चष्म्याचं दुकान आहे आणि गेली सहा वर्षं मी गच्चीवर दुर्बीण लावून ग्रहांचे फोटो काढते. चष्मेवाली असूनही घरातला काचबिंदू मला उशिरा कळला. दोनदा आप्पांचा नंबर बदलून दिला, मग डॉक्टरांनी खरं काय ते सांगितलं. उजवा डोळा गेला. डाव्याचं कडेचं दिसणं कमी होत चाललंय. म्हणून ते जेव्हा म्हणाले, "बुध मी जन्मात बघितला न्हाई," तेव्हा मी लगेच तारखा बघायला घेतल्या.

मार्चच्या सुरुवातीला बुध संध्याकाळी पश्चिमेला तासभर दिसणार होता. ग्रहांना शहरातल्या दिव्यांचा फारसा त्रास होत नाही, गुरूचे माझे सगळे फोटो शाहूपुरीतलेच आहेत. पण बुध क्षितिजापासून फार वर येत नाही आणि माझ्या गच्चीच्या पश्चिमेला चार मजली इमारत आहे. शिरोळला उभा ऊस आणि पाचट जाळल्याचा धूर. एका गिऱ्हाइकानं नेसरीजवळचा उघडा माळ सुचवला.

दुपारी दोनला निघालो. निपाणीच्या पुढं संकेश्वरपर्यंत हायवे, मग आत गडहिंग्लज आणि तिथून नेसरी. वाटेतला चहा धरून तीन तास ठेवा, कारण उसाच्या ट्रॉल्यांमागं अडकायला होतंच. संकेश्वरात मी मिरची घेतली. देठं वजा जाता भाव कोल्हापुरापेक्षा बरा, असं आप्पांचं मत.

गाडीत त्यांच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. गुरू मोठा दिसतो, त्याच्यावर पट्टे आहेत आणि तो इतका भरभर फिरतो की तासाभरानं काढलेला फोटो वेगळा येतो. शनीला कडी आहेत. मंगळ दोन वर्षांतून एकदा जवळ येतो, तेव्हा सगळे त्याच्यामागं. शुक्र झगझगीत, पण वर नुसते ढग. युरेनस, नेपच्यून म्हणजे निळसर ठिपके. बुध तर इवलासा, त्यात सूर्याला चिकटून. त्याचा उजेड जाड हवेतून येतो, म्हणून चित्र उकळत्या पाण्यासारखं हलतं.

"म्हंजे जो चांगला दिसतोय त्याचाच फोटू," आप्पा म्हणाले. "लग्नातल्यावानी."

माळावर पोचून तिपाई उभी केली, तोच एक गृहस्थ बांधावरून तरातरा आले. माळ त्यांचा होता. नाव मारुतीमामा, साठीचे.

"पावणं, रस्त्याची मोजणी करायला आला असशीला तर गाडी माघारी वळवा."

मी सांगितलं की ग्रह बघायला आलोय. त्यांचा विश्वास बसेना. मग मी दुर्बीण समोरच्या टेकडीवर चरणाऱ्या म्हशीवर लावली आणि त्यांना डोळा लावायला सांगितलं.

बराच वेळ बघून ते म्हणाले, "म्हस उलटी दिसायल्या की."

"ह्यात सगळंच उलटं दिसतं, मामा."

"ह्येनं जमीन मोजली तर माझा पाय वर हुईल," म्हणत ते हसले आणि तिथंच दगडावर बसले.

आम्ही जैन, आप्पा सूर्यास्ताच्या आत जेवतात. त्यामुळे सहालाच डबा उघडला. धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी. मामांनी दोन धपाटे खाल्ले आणि शेतातला हरभरा आणून दिला.

सूर्य बुडाला. आधी शुक्र दिसला, मग त्याच्या खाली डोंगराच्या जरा वर एक फिकट ठिपका. बुध. मी कॅमेरा जोडून व्हिडिओ सुरू केला, ग्रहाचा फोटो त्यातूनच काढतात. दुर्बिणीला भोक एकच, कॅमेरा तरी लावा नाहीतर डोळा तरी. पंधरा मिनिटं फोटो आणि मग आप्पा, असं मी ठरवलं होतं.

पण पहिलं मिनिटही संपलं नव्हतं तेव्हा आप्पा हळूच मामांना विचारत होते, "कुठं हाय म्हणं? मला काय घावंना." मामा बोट दाखवत होते आणि आप्पा भलतीकडेच बघत होते.

मी कॅमेरा काढला.

काचबिंदूत मधली नजर शेवटपर्यंत टिकते. बुध बरोबर मधोमध आणून आप्पांना खुर्चीवर बसवलं, डोळा कुठं ठेवायचा ते डोकं धरून दाखवलं. दर अर्ध्या मिनिटाला मी बुध परत मधे आणत होते.

"थांब," ते म्हणाले. मग, "हाय. हलतोय. पर गोल न्हाई ग, अर्धाच हाय."

तो त्या आठवड्यात खरंच अर्धाच होता. हे मी त्यांना सांगितलं नव्हतं.

"आप्पा, बरोबर बघताय," मी म्हणाले.

त्यांनी दुर्बिणीवरून डोळा हलवलाच नाही. मामांनीही आपली पाळी मागितली नाही. बुध डोंगराआड गेला तेव्हा मी दुर्बीण गुरूकडं वळवली. मामांनी त्याचे चार चंद्र मोजले आणि बायकोला हाक मारली.

साडेदहाला आम्ही कोल्हापुरात होतो. दुसऱ्या दिवशी त्या एका मिनिटाच्या चित्रीकरणातून फोटो काढायचा प्रयत्न केला. नारिंगी डाग आला, कसाही फिरवला तरी डागच. तो इथं टाकत नाही. तुम्ही जाणार असाल तर दोन दुर्बिणी न्या, किंवा फोटो की डोळा, ते आधी ठरवा. माझ्या आप्पांसाठी मी परतही डोळाच निवडीन.

रविवारी शिरोळला गेले तर कट्ट्यावर पाच-सहा जण आणि मधे आप्पा. शेजारचे काका म्हणत होते, "फोटू दाखवा की."

"फोटू न्हाई," आप्पा म्हणाले. "मी बघत हुतो."