लवंगेचा इन्साफ

आमचं किराणा दुकान मलकापूरला, स्टेशनाकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं. दुकान पुढे, घर मागे. आमचे हे गादीवर बसत आणि मी मागच्या खोलीत डाळ निवडता निवडता सगळं ऐकत असे.

स्वातंत्र्याच्या आधी एकदा गावातल्या सभेत यांनी ऐकलं, की आफ्रिकेजवळच्या झांजीबार बेटाच्या सरकारने कायदा करून तिथल्या आपल्या हिंदी व्यापाऱ्यांच्या हातून लवंगेचा धंदा काढून घेतला आहे. तेव्हा तिथली लवंग कुणी घेऊ नये. बाकीचे लोक सभा आटोपून जेवायला गेले. हे दुकानात आले आणि लवंगेचं पोतडं समोर ठेवून त्याच्याकडे बघत बसले.

"आपली लवंग तिथलीच हाय का?" मी विचारलं.

"तेच तं समजून नाई राह्यलं."

यांनी मुंबईच्या व्यापाऱ्याला पत्र टाकलं. उत्तराचं कार्ड आलं : लवंग जहाजातून उतरते एवढं आम्हांस ठाऊक आहे, पुढची चौकशी लवंगेकडेच करावी.

मग शाळेतले एक मास्तर, समोरचा शिंपी आणि हे अशी तिघांची कमिटी बसली. लवंग सभेच्या आधीच आलेली, म्हणून तिला दोषी धरावं की नाही, यावर तीनदा चहा झाला. शेवटी ठराव झाला, की खरं कळेपर्यंत ती विकायची नाही आणि फेकायचीही नाही. डब्यात भरून वर कुलूप घातलं.

गिऱ्हाइकं विचारू लागली. "काऊन हो, लवंग नाई का?"

"हाय. पन विकाची नाई."

"मंग ठेवली कायले?"

"तिचा इन्साफ व्हाचा हाय."

गिऱ्हाईक धने घेऊन जाई.

अशात गावाबाहेर भाजीमळा असलेल्या एका घरी लग्न निघालं. मुलीचा बाप सामानाची यादी घेऊन आला. विडे टोचायला लवंग हवी होती.

"बाभळीचा काटा लावा," हे म्हणाले. "आपल्याच मातीतला हाय. कोनाचं वाईट करून आलेला नाई."

तो माणूस यांना फार मानायचा. त्याने मान डोलावली. शेजारच्या बायका आणि मी अख्खी दुपार काटे तोडत बसलो. माझ्या बोटांची चाळण झाली. विडे मात्र देखणे दिसत होते. काटा काढून विडा खायचा, हे पंगतीत सांगायचं ठरलं होतं. पण संग्रामपूरकडून आलेले व्याही जेवणाआधीच विडा उचलतील, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. त्यांनी लवंग समजून अख्खा विडा तोंडात टाकला, आणि काटा हिरडीत गेला.

काटा निघाला, पण गाल सुजला. वैद्य म्हणाले, "लवंग धरा दाढेखाली."

मुलीचा बाप धावत दुकानात आला. हे उठले, पण कुलूप उघडेनात. मास्तरांना आणि शिंप्याला बोलावणं गेलं. तोवर व्याही मांडवात गाल धरून बसलेले. कमिटीने विचार करून ठरवलं, की औषध म्हणून फुकट द्यायला हरकत नाही. देणं म्हणजे काही व्यापार नव्हे.

ठरावाची बातमी दुसऱ्या दिवशी सकाळी गावभर झाली, आणि दुपारपर्यंत अर्ध्या मलकापूरची दाढ दुखू लागली. दुकानापुढे गाल धरलेल्या माणसांची रांग लागली. हे प्रत्येकाला मनापासून विचारत, "कोनती दाढ?" आणि दोन लवंगा हातावर ठेवत.

एक म्हातारी आली. तिच्या तोंडात एकही दात नव्हता.

"माय, तुले तं दातच नाईत."

"दुखूनच पडले ना, बापा. हिरडीले अजून आठोन हाय."

यांनी तिला चार दिल्या.

त्या संध्याकाळी आमच्या गल्लीत चार-पाच घरांतून मसालेभाताचा वास येत होता. मी यांच्याकडे पाहिलं. "लोकाईले आराम पडलेला दिसते," हे म्हणाले. ते थट्टा करत नव्हते. तीन दिवसांत डबा रिकामा झाला आणि यांनी कमिटीला सांगितलं, की एकही लवंग विकली गेलेली नाही.

पुढे काही महिन्यांनी झांजीबारला तडजोड झाल्याची बातमी आली. यांनी लगेच नवा माल मागवला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून वास देऊ लागले.

पहिलीच एक बाई आली. "कुठची हो?"

"झांजीबारची," हे अभिमानाने म्हणाले.

"मंग नको."

"आता चालते, बाई. भांडन मिटलं."

"तुमीच तं म्हनत होते, घेऊ नोका म्हनून."

यांनी तिला सगळा कायदा पहिल्यापासून समजावला. तिने शांतपणे ऐकून घेतलं, पावशेर जिरं घेतलं आणि गेली. तिच्यामागून आलेल्या दोघांनीही तेच केलं.

हे आत आले आणि माझ्यासमोर पाटावर बसले. मला हसू येत होतं, पण त्यांचं तोंड पाहून मी डाळीत खडे शोधू लागले.

"लोकाईले आता काय सांगू?" त्यांनी विचारलं.

"खरं काय ते सांगा."

"दोन्ही खेपेले खरंच सांगतलं ना," ते म्हणाले, आणि माझ्या सुपातली डाळ निवडू लागले.