पितळेची पिन

बादल आडेच्या घरावर ‘मरीन इंजिनिअर’ अशी पाटी आहे. पुसदकडून महागावला जाताना तांड्याच्या तोंडाशीच ती दिसते आणि नवा माणूस हमखास गाडी थांबवून पुन्हा वाचतो. यवतमाळ जिल्ह्यात समुद्र कुठला? गावातले लोकही त्याला सोडत नाहीत. “काय बादल, जहाज कुठं उभं केलं?” असं रोज कोणीतरी विचारतं आणि तो रोज तेच सांगतो, “सोयाबीनच्या वावरात लावलं, काका. पाणी आलं की काढतो.”

पण माणूस खरंच शिकलेला आहे. पुसदला डिझेल मेकॅनिकचा कोर्स केला, मग कोकणातल्या एका बंदरावर बोटींच्या इंजिनांचं काम शिकत, परीक्षा देत अकरा वर्षं काढली. वडील गेले आणि लालीबाई, त्याची याडी म्हणजे आई, एकटी पडली, तेव्हा तो परत आला. धरणात मासेमारी करणाऱ्यांच्या बोटी होत्याच. त्यांची मशीनं तो बघू लागला. पुढे तहसील कार्यालयाच्या पूरबोटीचं कामही त्याच्याकडे आलं. मशीनला हात लावण्याआधी तो सेवालाल महाराजांचं नाव घेतो. त्याच्या हाताखालून मशीन गेलं की निर्धास्त बसावं, अशी त्याची ख्याती होती.

त्या पूरबोटीचं मशीन जुनं. तिचा पंखा आणि मशीनचा दांडा यांना करंगळीच्या पेराएवढी पितळेची पिन जोडून ठेवते. पंखा खडकावर किंवा बुडालेल्या खुंटावर आदळला की ती पिन तुटते. तुटावी म्हणूनच ती मऊ धातूची केलेली असते. ती तुटते म्हणून आतले गिअर वाचतात, आणि नवी पिन घातली की मशीन पुन्हा चालतं. पोलादाची घातली तर पिन शाबूत राहते आणि आतलं सगळं फुटतं. मग पाण्यात दुरुस्ती नाही.

हे बादलनंच बोट चालवणाऱ्या किसनरावांना दहा वेळा समजावलं होतं. तरी मे महिन्यात धरणावर सराव झाला तेव्हा नायब तहसीलदार साहेब बोटीत बसलेले असताना पंखा खुंटाला लागला, पिन तुटली आणि बोट भोवऱ्यासारखी जागच्या जागी फिरली. काठावरचे लोक पोट धरून हसले. “बादल, तुही पिन पापडाची हाय का रे?” असं किसनराव सगळ्यांदेखत म्हणाले. ते त्याला फार लागलं. रागाच्या भरात त्यानं पोलादाचा तुकडा घासून बसवला. साहेब गेले की काढू, असं मनाशी ठरवलं. साहेब उशिरा गेले, मग पेरणी आली. जूनमध्ये त्यानं मशीन पिंपात चालवून तपासलं, तेल बदललं, पण पंखा काही खोलला नाही.

ऑगस्टमध्ये तीन दिवस झड लागली आणि पैनगंगा वावरात शिरली. नदीकाठच्या एका गावात पुंडलिकराव, त्यांचा मुलगा, सून, दोन नातवंडं आणि कामाला आलेल्या तीन बाया अशी आठ माणसं शेतातल्या टेकाडावर अडकली. पुंडलिकरावांच्या पत्नी वच्छलाबाई आदल्या दिवशी दळणासाठी गावात आल्या होत्या म्हणून वाचल्या. सकाळी नऊ वाजता पूरबोट पाण्यात उतरली. किसनराव आणि एक पट्टीचा पोहणारा, दोघंच गेले. एका खेपेला पाच माणसं आणायची, असं ठरलं.

बादल मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर उभा राहून मशीनचा आवाज ऐकत होता. आवाज स्वच्छ होता. त्याला बरं वाटलं. शेजारी नायब तहसीलदार वॉकीटॉकी घेऊन उभे होते. त्यांनाही बरं वाटलं असावं. हसून म्हणाले, “झकास चाललंय. आता ती पिन नाही ना तुटणार?”

बादलला आठवलं, पोलादाची पिन अजून पंख्यातच होती.

पुराचं पाणी गढूळ. खाली बांध होते, बाभळी होत्या, कुंपणाचे खांब होते. एक जरी पंख्याला लागला, तर मशीन कायमचं बंद. आणि धारेला लागलेली बोट थेट खालच्या पुलाकडे जाईल, ज्याचे कठडेसुद्धा आता दिसत नव्हते. त्याला वाटलं, किसनभाऊंना वाट माहीत आहे, नाही लागणार काही. त्याला हेही वाटलं की आपण बोललो तर सगळा काठ ऐकेल. या दोन विचारांत एक-दोन मिनिटं गेली आणि त्या मिनिटांची त्याला आजही लाज वाटते. मग देवानंच बुद्धी दिली. त्यानं साहेबांकडून वॉकीटॉकी मागून घेतला.

“किसनभाऊ, मशीन बंद करा. बोट झाडाले बांधा.”

“काहून?”

“पंख्यात पोलादाची पिन हाय. सरावाच्या दिवशी म्याच टाकलती. काढाची राह्यली.”

पलीकडून किसनराव ओरडले.

“तुले हे आत्ता आठवलं?”

“आत्ताच आठवलं, भाऊ. शिव्या मागून द्या.”

त्यानं सावकाश सांगितलं. मशीन वर उचलायचं, पंख्याच्या टोकाची टोपी काढायची, पिन पकडीनं ओढायची. झाकणाखालच्या पिशवीत पितळेच्या तीन पिना आहेत, हात ओले असतील, एकेकच काढा. मग मशीनचा आवाज थांबला. वॉकीटॉकीही गप्प झाला.

साहेबांनी बादलकडे पाहिलं आणि मान फिरवली. वच्छलाबाई देवळाच्या पायरीवरून उठून आल्या.

“काय झालं रे? बोट काहून थांबली?”

खोटं सांगायला जागा होती. झाडात अडकली म्हटलं असतं तरी चाललं असतं. त्यानं खरं सांगितलं, अगदी पापडाच्या थट्टेपासून.

“थट्टा केली म्हणून?” त्यांनी एवढंच विचारलं, आणि तिथंच, त्याच्या शेजारी उभ्या राहिल्या. शिव्या घातल्या असत्या तर त्याला सोपं गेलं असतं.

घड्याळात सतरा मिनिटं झाली. मग लांबून मशीन खोकललं, पुन्हा खोकललं आणि लागलं.

टेकाडावरून पहिली खेप निघाली तेव्हा काठ जरा सैल झाला. पण अर्ध्या वाटेत आवाज एकदम चिरका झाला, उंच चढला आणि बंद पडला. बाया देवाचा धावा करू लागल्या. वच्छलाबाईंनी बादलचं मनगट घट्ट धरलं.

“पिन तुटली,” तो म्हणाला. “मावशी, पिनच तुटली. मशीन शाबूत हाय. पंखा सुटला की असाच आवाज येते.”

त्यांना ते कळलं की नाही कोण जाणे, पण मनगट सोडलं नाही. पोहणाऱ्यानं दोर बाभळीला टाकला होता, हे मागून समजलं. या वेळी किसनरावांचा हात बसलेला होता. सहा मिनिटांत मशीन पुन्हा लागलं आणि बोट काठाला आली. सून, दोन नातवंडं आणि कामाच्या दोन बाया उतरल्या. पुंडलिकराव, मुलगा आणि एक बाई मागे थांबले होते.

किसनरावांनी बादलकडे पाहिलं. तोंड उघडलं, पण वच्छलाबाई आधी बोलल्या.

“आता दुसऱ्या खेपेले तू बस.”

“बसतो, मावशी,” तो म्हणाला आणि पोहणाऱ्याच्या जागी चढला. त्याला नीट पोहता येत नाही. लालीबाई तांड्यावर होती आणि तिला यातलं काहीच माहीत नव्हतं, याचं त्याला त्या घडीला हायसं वाटलं. उरलेली एकुलती एक पिन त्यानं मुठीत धरून ठेवली होती.

जाऊन येईपर्यंत तासभर गेला. किसनरावांनी वाटेत काही शिव्या दिल्या, काही राखून ठेवल्या. पंख्याला एकदा काहीतरी घासून गेलं, पण पिन टिकली. परत येताना पुंडलिकराव त्याच्या समोर बसले होते. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. “पोरा, तुह्या हातचं मशीन हाय म्हणते. चांगलं हाय,” असं ते म्हणाले, तेव्हा तो वाकून बोटीतलं पाणी उपसू लागला.

तहसीलचं काम त्याच्याकडून काढून घेतलं गेलं. नोटीस आली तेव्हा त्यानं उत्तरात कोणाची थट्टा लिहिली नाही, नुसतं स्वतःचं चुकलं ते लिहिलं.

पण ते नंतरचं. त्या दुपारी देवळात सगळ्यांना चहा होता. वच्छलाबाईंनी आधी नातवंडांना दिला, नवऱ्याला दिला, किसनरावांना दिला. बादल कोपऱ्यात उभा होता. त्याच्यासाठी कप घेऊन त्या आल्या, पण त्याचे हात इतके थरथरत होते की त्यांनी तो दिला नाही.

“बस आधी,” त्या म्हणाल्या.

तो बसला. मग त्यांनी कप त्याच्यापुढे जमिनीवर ठेवला आणि नवऱ्याजवळ जाऊन बसल्या.