फेकायला काढलेली बुरशी

वंदना गेल्याचा फोन आला तेव्हा मी कुकर लावत होते. गॅस बंद केला, वाईट वाटलंच. पण खोटं कशाला बोलू, पाठोपाठ हेही मनात आलं, की उद्याच्या पेपरात पुन्हा हिचाच फोटो... सव्वा महिना झाला. मैत्रीण गेली, माझी जळजळ आहे तिथेच आहे.

नागपूरच्या एकाच प्रयोगशाळेत आम्ही संशोधनाला लागलो. मी धरमपेठेतली, इंग्रजी शाळेतली. ती कुही गावाकडच्या धानाच्या बांध्यांतून, भातशेतीतून आलेली. मी काचेच्या प्लेटमध्ये जंतू वाढवत होते. एका प्लेटवर हिरवट बुरशी चढली, म्हणजे मेहनत वाया. ती बादलीत टाकणार तोच वंदनाने माझं मनगट धरलं. "काहून फेकून राहिली वं, सुलभा? बुरशीच्या भोवतालचे जंतू मेले, पाह्य ना. मले दे." पेनिसिलिनची असली गोष्ट शाळेच्या पुस्तकातही असते, तरी मला दिसली नाही. "घे, तुमच्या धानाच्या कुजक्या तणसावर हेच तर उगवतं," मी म्हणाले. ती हसली. त्या बुरशीवर तिने पुढची सगळी वर्षं घातली. बुरशीतलं एक एन्झाइम साधे तुकडे जोडून लांब साखळी करतं, दुसरं ती वाकवून तिचं कडं बंद करतं. कडं बंद झालं तरच त्यात औषधाचा गुण येतो. हे दुसरं एन्झाइम वंदनाने शोधलं. मग सत्कार, शाली, व्याख्यानं... दरवेळी काहीतरी निमित्त काढून मी घरी बसले. प्लेट माझी होती हे ती कुणाला सांगत नसणार, अशी माझी खात्री होती, आणि ती मी जिवापाड जपली.

गेल्या आठवड्यात प्रयोगशाळेतला तिचा फ्रीझर आवरायला मला बोलावलं. तळाशी त्या बुरशीची पहिली नळी होती. चिठ्ठीवर तिचं तिरपं अक्षर: 'सुलभाची बुरशी'. सोबतची तिची विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम दर भाषणात पहिले तुमचंच नाव घ्यायच्या. तुम्हाले माहीत नव्हतं?" मी एकाही भाषणाला गेलेच नव्हते.

शाई पुसट झाली होती, चिठ्ठी बदलायला हवी होती. 'वंदनाची' लिहावं म्हणून पेन उचललं, 'व' काढलाही. मग खोडला आणि होतं तसंच उतरवलं. तिचा शब्द मोडवेना की माझं नाव सोडवेना, कोण जाणे. नळी पुन्हा तिच्या जागी ठेवली. एवढं मोठं मन हिला कुठून मिळालं, याचाही आता हेवा वाटतो.