हातभर जागा

“काकू, मी आलीच नाही समजा,” म्हणत ती माझ्या परसात शिरायची. चपला हातात, डोक्यावर पदर. गाईच्या कोठ्याजवळ उभी केलेली स्कूटी काढायची आणि मागच्या गल्लीने निघून जायची. आमच्या दोघींच्या परसांच्या मधल्या भिंतीत एक लहान दार होतं. गल्लीत निघायचं फाटक माझ्याकडे, आणि त्या दाराची कडीही माझ्याच बाजूला.

कामठीकडून आमच्या गावात शिरताना तुम्ही ते स्मारक पाहिलं असेल. काळा दगड, पांढरी पाटी, भोवती लोखंडी रेलिंग. हातही जोडले असतील. त्याच्या मागे एक दार आहे, ते कोणी पाहत नाही. ते तिचं.

पाटीवर नाव तिच्या नवऱ्याचं. तो सीमेवर मारला गेला तेव्हा लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. तेरवीच्या आतच सासूने कागदावर अंगठा दिला, बांधा म्हणे माझ्याच अंगणात. सुनेला कोणी विचारलं नाही. पुढे टवाळ पोरं चबुतऱ्यावर पत्ते खेळायला लागली, म्हणून रेलिंग आलं. रेलिंग आणि तिचा उंबरठा यांच्यात हातभर जागा उरली. माणूस अंग तिरपं करून निघतं.

तेही चाललं असतं. पण समोरून निघाली की पानठेल्यावरची माणसं बोलणं थांबवायची. कोणी नमस्कार करायचं, कोणी पायातली चप्पल काढायचं. “असं वाटते काकू, मीच मेली हाओ,” ती म्हणायची. म्हणून माझं दार.

स्कूटी शिकताना एकदा ती माझ्या शेणाच्या ढिगात पडली. कोपरापर्यंत शेण. इतकी हसली की गाय दावं ताणायला लागली. मग एकदम तोंडावर हात ठेवला.

“ऐकलं असन का काकू?”

“कोनं वं?”

“गावानं.”

दरवर्षी पंधरा ऑगस्टला तिला पहिल्या खुर्चीवर बसवायचे आणि शाल-नारळ द्यायचे. नारळाची चटणी आम्ही दोघी खायचो. शालींनी तिची पत्र्याची पेटी भरत आली होती. “नागपूरच्या उन्हात शाल! एखांदा कूलर देत जा म्हनावं,” असं ती म्हणायची, माझ्याच घरात.

मग रस्ता रुंद करायचं निघालं. साहेब मोजायची फीत घेऊन आला. स्मारक उचलून शाळेच्या मैदानात न्यायचं, म्हणजे रस्ता सरळ जाईल. सरळ गेला तर माझी ओसरी तीन हात जात होती. हे मी आधीच सांगून ठेवते.

ग्रामसभेत आरडाओरडा झाला. एक म्हातारा फौजी म्हणाला, “दगड शाळेत नेला तं पोरं रोज पाहातीन.” तरुण पोरं उठली, “दगड हलला तं गावाची इज्जत गेली!” सगळे तिच्याच नावाने भांडत होते. शेवटी सरपंचाने विचारलं, “वहिनी, तुमचं काय म्हननं आहे?”

ती उभी राहिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

“हालवा. मले माह्यं दार पाह्यजे.”

मग मागून एक जण म्हणाला, “दुःखातून बोलून राहिली बिचारी.” सगळ्यांना बरं वाटलं. सरपंच माझ्याकडे वळला. “काकू, तुमी शेजारी. तुमी तं तोंडावर खरं बोलता. काय आहे हिच्या मनात?”

मी चौथी शिकलेली बाई. आजवर कोणाची भीड ठेवली नाही. त्या दिवशी म्हटलं, “सकाळी उठून त्या दगडाले हात लावल्याबिगर चाय पेत नाही ती.”

झालं. वीरपत्नीच्या भावना लक्षात घेऊन स्मारक तिथेच ठेवावं, असं लिहिलं गेलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि खाली बसली.

दुसऱ्या दिवशी मी कडी काढून ठेवली. ती आली नाही. समोरूनच निघाली, रेलिंगला घासत. ग्रामसभेला नेलेली स्कूटी तिने माझ्याकडे परत आणलीच नाही, शाळेच्या भिंतीला लावायला लागली. मला काही बोलली नाही. भांडली असती तर मी दोन शब्द ऐकवले असते, दोन ऐकून घेतले असते.

सासू होती तोवर ती राहिली. सासूच्या तेरवीनंतर तिचा भाऊ बुटीबोरीहून ऑटो घेऊन आला. तिकडच्या कारखान्यात तिला काम लागलं होतं. दोघांनी पेटी उचलून दारापर्यंत आणली. हातभर जागेतून ती निघेना. आडवी केली, उभी केली.

मी मधलं दार सताड उघडलं. “इकडून आन वं. फाटक मोकळं आहे.”

तिने ऐकलं. भावाला म्हणाली, “ठेव खाली.” मग उंबरठ्यात बसून पेटी रिकामी केली. साड्या, भांडी, नवऱ्याचा फोटो, एकेक वस्तू हातात धरून अंग तिरपं करत ऑटोपर्यंत नेली. किती खेपा झाल्या, मी मोजल्या नाहीत. पण शेवटपर्यंत दार धरून उभी होते. शाली तिने परत पेटीत ठेवल्या आणि पेटी तिथेच सोडली.

ऑगस्टात सरपंच माझ्या ओसरीवर आला. ओसरी आहे तशीच आहे, हे मी तिथेच बसून लिहिते आहे.

“काकू, वहिनी कुठं आहे? खुर्ची लावली ना.”

“आली समजा,” मी म्हटलं.

त्याने जाऊन खुर्चीच्या पाठीला शाल पांघरली आणि बसायच्या जागी नारळ ठेवला. टाळ्या दरवर्षीएवढ्याच वाजल्या.