दगडाबाईंनी वाचलेली संधी

पेडगावात दगडाबाईंच्या जिभेला सगळी गल्ली टरकून असते, पण कुरडया मात्र त्यांच्याच हातच्या हव्या असतात. पन्नाशीनंतर त्या माझ्या साक्षरता वर्गात आल्या. मी रिटायर्ड मास्तर, शिष्या मिळाली म्हणून खूश. एकदा परभणीच्या एसटी स्टँडवरची पाटी त्यांनी अक्षराला अक्षर जोडत वाचली, ‘सैन्यभरतीची सुवर्णसंधी’.

“संधी म्हंजे काय, गुरुजी?”

“चान्स,” मी सांगितलं. आठवड्याभरात त्यांनी एकुलत्या एका मुलाला, भागवतला, भरतीला नेऊन उभं केलं.

यंदा मे महिन्यात सीमेवर तोफा सुरू झाल्या. जवान झालेला भागवत तिकडेच होता. चार दिवस त्याचा फोन बंद. दगडाबाई कुणाशी भांडेनात, तेव्हा मला खरी भीती वाटली.

शनिवारी संध्याकाळी त्या माझ्या ओसरीवर आल्या. मुठीत वाळलेली कुरडई, तिचा पार भुगा झालेला.

“टीव्हीवर मी सोता वाचलं. शस्त्रसंधी. आता शस्त्रालाच चान्स दिला म्हणं.”

हसू आलं नाही. मला माझाच राग आला. अर्धा अर्थ शिकवणारा मास्तर मीच.

“अहो, संधी म्हणजे समेटसुद्धा. बांधाचं भांडण पंच मिटवतात ना, तसं. दोन्ही देशांनी बोलून ठरवलंय, बंदुका थांबवायच्या.”

“मग ‘मिटलं’ लिहायला काय हात मोडले व्हते?” त्या ओसरीच्या कडेला टेकल्या. “ती पयली संधी बी मीच वाचली, गुरुजी. मीच धाडलं त्याला.”

मी उठून टीव्ही लावला.

तासा-दोन तासांत टीव्हीवाले सांगू लागले, काही ठिकाणी पुन्हा गोळीबार. मी टीव्ही बंद केला.

“लावा,” त्या म्हणाल्या. “मोडलं तर मोडलं. कळू तर द्या.”

सकाळी मी चौकशीला गेलो, तर त्या चुलीवर गव्हाचा चीक हाटत होत्या. तेवढ्यात फोन वाजला. त्यांचे हात बरबटलेले, म्हणून मीच स्पीकर लावला.

“आई, मी बरा हाय. शांत हाय इकडं. संधी मिळाली की येतो गावाकडं.”

दगडाबाईंनी तशाच हातांनी डोळे पुसले. चीक गालाला लागला.

“संधी नगं म्हणू, बाळा,” त्या म्हणाल्या. “सुटी म्हण.”