मास्तरांनी मोडलेली सवय

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक शिंपी आहे. तोंडावर सगळे त्याला मास्तर म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात ते मी सांगणार नाही, कारण त्यातली निम्मी नावं मीच पाडली आहेत. माणूस जिभेचा गोड, कात्रीचा पक्का आणि वायद्याचा कच्चा. थंडीत टाकलेला कोट घामाच्या दिवसांत हातात पडायचा.

मास्तरांच्या कापायच्या टेबलाखाली, चिंध्यांच्या ढिगावर, त्यांचा कुत्रा बटण्या झोपायचा. गिऱ्हाईक माप द्यायला जवळ आलं की घशातल्या घशात गुरगुरायचा. मग गिऱ्हाईक पोट आत ओढून मागे सरकायचं आणि विजार कमरेत घट्ट व्हायची. मास्तरांनी उपाय काढला. बटण्या गुरगुरला की लाकडी पट्टी त्याच्या पाठीवर. हळूहळू आवाज बंद झाला.

"बघा, कसं वळण लावलंय!" मास्तर येईल त्याला सांगायचे.

मशीनवरून त्यांची बायको म्हणायची, "अहो, माझ्यापुढे चालत नाही तुमचं, म्हणून त्या मुक्या जिवावर चालवता होय?"

"तू गुरगुरलीस तर गिऱ्हाईक नाही पळत, मी पळतो."

आम्ही खो खो हसायचो.

खांदा बोटभर उतरता असला तर मास्तरांना लांबून कळतो. पण कुणी वाकलं की बटण्या तोंड फिरवायचा, नाकावरून जीभ फिरवायचा, अंग ताठ करायचा. ते काही त्यांना दिसलं नाही.

लेक राहायला आली होती. चार वर्षांची नात बाहुलीच्या फ्रॉकसाठी चिंधी शोधत टेबलाखाली शिरली. निळी चिंधी झोपलेल्या बटण्याच्या पोटाखाली होती. तिने ती ओढली. हूं नाही, चूं नाही, एकदम दात.

लेकीने पोरीचा हात साबण लावून नळाखाली धरला, मग दवाखाना, इंजेक्शनं, टाके. जाताना म्हणाली, "बाबा, ही आता या घरात पाऊल टाकणार नाही."

मास्तर बटण्याला घेऊन जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. "काही कारण नसताना चावला हो."

"आधी गुरगुरला असेल ना?"

"छे! ती सवय मी कधीच मोडली," मास्तर ऐटीत बोलून गेले.

"मग त्याने सांगायचं तरी कसं?" बाई म्हणाल्या.

तेव्हापासून बटण्याला मागच्या खोलीत स्वतःचा कोपरा आहे, जाळीच्या दाराआड. संध्याकाळी मास्तर लांब बसून त्याला विनवतात, "गुरगुर की रे राजा, एकदा." तो त्यांचा हात बघून अंग चोरतो. यावर मला एक झकास कोटी सुचली होती. गिळली.

परवा लेक आली. नात उंबऱ्याबाहेरच उभी. मनगटावर टाक्यांची रेघ.

"आजोबा, मी बटण्याला हात लावू?"

मास्तरांनी जाळीकडे पाहिलं. बटण्याने तोंड फिरवलं होतं, जीभ नाकावर.

"नको गं बाळा. तो नको म्हणतोय."

"पण तो तर काहीच बोलला नाही!"

"नाही बोलत तो आता," मास्तर म्हणाले. "मीच गप्प केलं त्याला."

लेक त्यांच्याकडे बघत राहिली. मग पोरीचा हात घट्ट धरून उंबरा ओलांडून आत आली, आणि जाळीपासून लांबच्या खुर्चीवर बसली.