सात नंबरचा पाय

माझे भावोजी, म्हणजे ताईचा नवरा, एकतीस वर्षं बुटांच्या दुकानात होते. दुकानात त्यांना कुणी नावानं हाक मारायचं नाही. सगळे म्हणायचे ‘सात नंबर’. पाय असा नेमका सात नंबरचा, की वाटावं, कारखान्यानं आधी ह्यांना उभं केलं आणि मग साचा पाडला.

आणि तो पायच त्यांच्या कामाला जुंपलेला. गिऱ्हाईक नवे बूट घेऊन जायचं आणि दोन दिवसांनी तोंड वाकडं करून परत यायचं, “चावतात हो.” मालक तिथूनच ओरडायचा, “सात नंबर, सैल करून द्या!” भावोजी ते कडक बूट पायात अडकवून दिवसभर दुकानात वर-खाली करायचे. आठ नंबरचा असला तर एकावर एक दोन मोजे. संध्याकाळी चामडं नरम, गिऱ्हाईक खूश.

मी म्हणायचे, “भावोजी, जगाचे बूट घालताय, एक दिवस जगाची दुखणीही गळ्यात पडतील.”

“मेहुणीबाई, हा पाय नाही, लाकूड आहे. तुमच्या जिभेनंसुद्धा झिजायचं नाही.”

पायांबद्दल मात्र माणूस पक्का. बुटक्या स्टुलावर बसून गिऱ्हाइकाचा पाय मांडीवर घेतला, की मापाआधी प्रवचन. मी एकदा अंगठ्याच्या नखाचे कोपरे छान गोल कापले होते, नटायची हौस, दुसरं काय! नख आत घुसलं, अंगठा टोमॅटो झाला. भावोजींनी बघितलं आणि माझी खरडपट्टीच काढली.

“कोपरे कुणी कोरायला सांगितले होते? नख सरळ कापायचं, फार आखूड नाही. आता कोमट पाण्यात ठेव, नीट पूस, मोकळी चप्पल घाल. आणि पू दिसला तर माझ्याकडे रडत यायचं नाही, डॉक्टरकडे जायचं.”

बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवा, नाहीतर चिखल्या होतात. मोजे रोज बदला. कुरूप ब्लेडनं कापू नका, ते काही काकडीचं साल नाही. सगळं तोंडपाठ. शेजारपाजारचे लोक चपला काढून ह्यांच्या दारात उभे राहायचे.

आठ वर्षांपूर्वी ह्यांना साखर निघाली. डॉक्टरांनी बजावलं, रोज आपले तळवे बघा, बूट घालण्याआधी आत हात फिरवा. हे घरी येऊन हसले. “मला शिकवतोय! मी दिवसाला चाळीस पाय बघतो.”

बघायचे, पण दुसऱ्यांचे. ताई म्हणायची, “अहो, दाखवा ना जरा.” तर हे पाय पोटाशी घेणार. “नवऱ्याचं तोंड बघावं, पाय काय बघतेस?” जन्मभर लोकांच्या पायांशी बसलेला माणूस, आपल्या पायांशी कुणी बसलेलं त्याला सोसायचं नाही. आम्ही ते थट्टेवारी नेलं. मीच सगळ्यात जास्त.

मग एक दिवस मोठ्या ऐटीत म्हणाले, “हल्ली कसलाही बूट घाला, काही चावत नाही. पाय मुरले माझे.” मी म्हटलं, “अभिनंदन, आता पेढे वाटा!” पाय मुरले नव्हते, बधिर झाले होते. माझे ते शब्द अजून मला टोचतात.

गेल्या वर्षी एका वकिलाचे काळे बूट सैल करायला आले. भावोजींनी दोन दिवस घातले. त्यांची कामाची रीत अशी, की गिऱ्हाइकाला परत देताना आतून हात फिरवायचा, कुठे खिळा-बिळा वर आलाय का बघायला. स्वतः घालताना कशाला फिरवतील? आपला पाय तर लाकूड! दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हात घातला तर बोटाला खिळ्याचं टोक लागलं. आणि आतलं अस्तर ओलं.

एवढं कळल्यावर तरी माणसानं घरी येऊन सांगावं ना? ह्यांनी खिळा ठोकला, अस्तर पुसलं, बूट देऊन टाकले आणि घरी येऊन न्हाणीघराची कडी लावली. मिठाच्या पाण्यात पाय बुडवला. पाणी कढत होतं, तेही पायाला कळलं नाही. वर पट्टी, पट्टीवर मोजा. असे आठ दिवस.

नवव्या दिवशी ताईनं मोजे धुवायला घेतले आणि वासानं तिथेच बसली. मला फोन केला. “तू ये. माझं हे ऐकत नाहीत.”

मी गेले. भावोजी खुर्चीत, पाय खुर्चीखाली. मी म्हटलं, “काढा मोजा.” म्हणाले, “मेहुणीबाई, आज मस्करी नको.” “मी कुठे करतेय?” तेव्हा कुठे त्यांनी पाय पुढे केला. पुढचं सांगत नाही.

दोन बोटं गेली. डॉक्टर म्हणाले, “पहिल्या दिवशी आला असतात तर बहुतेक मलमपट्टीवर भागलं असतं.” भावोजी छताकडे बघत राहिले. मालक भेटायला आला, सफरचंदं ठेवली, हवापाण्याच्या गोष्टी केल्या. जाताना म्हणाला, “आपल्याकडे बसून करायचं काम नाही हो.” आम्हाला समजलं.

आता रोज संध्याकाळी ताई त्यांच्या पायांशी बसते. पाणी कोपरानं तपासते, बेचक्या टिपून घेते, टाचांना तेल लावते, बोटांमध्ये लावत नाही. ह्यांच्याच तोंडचं ह्यांच्यावर चालतंय. भावोजी तेवढा वेळ भिंतीकडे तोंड करतात. आम्ही दोघी बडबड करतो, मुद्दाम, खोली फार गप्प होऊ नये म्हणून.

परवा मी तळव्यांखाली आरसा धरला होता. डाव्या पायाशी, म्हणजे चांगल्या पायाशी, ताईचा हात थांबला.

“काय गं?” भावोजी भिंतीलाच विचारल्यासारखे म्हणाले. “गप्प का झालीस?”

“टाचेला भेग आहे. आत ओलं दिसतंय.”

माझ्या जिभेवर काहीतरी आलं होतं नेहमीसारखं. गिळलं.

 भावोजी म्हणाले, “उद्या बघितलं तर नाही चालणार?”

“नाही.”

“हाही जाईल का गं?”

 ताईनं हात पुसले, कपाटावरून दवाखान्याची फाईल काढली आणि मला म्हणाली, “खाली जाऊन गाडी थांबव.” मी जिना उतरत होते, तेव्हा मागून आवाज आला. भावोजी रडत होते आणि ताई त्यांना सांगत होती, “हळू, भिंतीला धरा, अजून पायरी यायचीय.”